भाजलेले लाकूड आणि पावसाळ्यातले दार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कोकणातल्या घराला मागीलदारी एक दार आहे. विहिरीकडे जायचे तेच दार, आणि आई रात्री शेवटची कडी घालते तेही तेच. जुने दार वाळवीने खाल्ले म्हणून काही वर्षांपूर्वी मी नवे करायला दिले. तालुक्याच्या गावातल्या एका वखारीत मालकांनी फिकट पिवळ्या, हलक्या फळ्या दाखवल्या आणि म्हणाले, "हीट ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे, साहेब. परदेशी माल. पावसात फुगणार नाही." पुराव्यादाखल त्यांनी एका फळीवरचा शिक्काही दाखवला. अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. तरी मी मान डोलावली आणि पैसे मोजले.

दार मे महिन्यात बसले. जुलैच्या मध्यावर ते चौकटीत असे रुतले की आईला ते ओढून लावताच येईना. घरात ती एकटी. आठ-दहा रात्री तिने दाराला आतून पाटा टेकवून काढल्या आणि मला काही कळवले नाही. गणपतीला गेलो तेव्हा समजले. मेस्त्रींना बोलावले. त्यांनी रंधा मारून कड उतरवली, दार लागले. पुढच्या मार्चमध्ये त्याच दाराच्या आणि चौकटीच्या मधून बोट जाईल एवढी फट पडली. मेस्त्री म्हणाले, "भाऊ, तुम्ही घाई केलीत म्हणून मी रंधा मारला. लाकूड होतं तिथंच परत गेलं."

वखारवाल्यांनी मला फसवले, की शब्दाने आम्हा दोघांनाही फसवले, हे मी नंतर शोधून काढले. त्या शोधात जे हाती लागले ते आज सांगायचे आहे. लाकूड तापवण्याचे निदान तीन वेगवेगळे प्रकार आहेत, तिन्हींना बाजारात एकच नाव आहे, आणि पावसात दार फुगू न देण्याच्या कामी त्यांतला एकच थोडाफार उपयोगी पडतो.

आधी लाकूड फुगते का ते पाहू. झाड तोडले की त्यात पाणी दोन ठिकाणी असते. एक पेशींच्या पोकळीत, पेल्यात असावे तसे मोकळे. दुसरे पेशींच्या भिंतीत मुरलेले. लाकूड वाळू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. या काळात लाकडाचे वजन झपाट्याने उतरते, आकार मात्र तसूभरही बदलत नाही. पोकळी रिकामी झाली आणि फक्त भिंती ओल्या राहिल्या, या टप्प्याला तंतुसंपृक्ततेचा बिंदू म्हणतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के पाणी तेव्हा लाकडात असते. त्याच्या खाली उतरले की भिंतींतले पाणी निघू लागते, भिंती बारीक होतात आणि लाकूड आकसते. उलट वाटेने पाणी परत आले की भिंती जाड होतात आणि लाकूड फुगते.

पाणी परत कोठून येते? पावसाचा थेंब पडायलाच हवा असे नाही. हवेतली वाफ पुरते. लाकडाच्या भिंती मुख्यतः तीन पदार्थांच्या असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोघांच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल नावाचे गट जागोजागी लटकलेले असतात आणि पाण्याच्या रेणूला ते हात धरून बसवून घेतात. सुती पंचा घाम टिपतो आणि टेरिलीनचा शर्ट टिपत नाही, त्याचे कारण हेच. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तेव्हा दार म्हणजे एका अर्थी चौकटीत अडकवलेला जाड पंचाच. हवा दमट झाली की तो ओलावतो, कोरडी झाली की वाळतो, आणि हवेशी त्याचा समतोल साधेपर्यंत ही देवघेव चालू राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी ठरते; ६५ टक्क्यांना सुमारे १२, ८० टक्क्यांना १६ आणि ९० टक्क्यांना २० टक्क्यांच्या आसपास. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांच्यामध्ये लाकडाला किती मजल मारावी लागते ते यावरून लक्षात येईल. आपल्या भारतीय मानकांतही इमारती लाकडात किती ओल चालेल हे सांगताना देशाचे हवेच्या आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले आहेत, ते याच कारणाने.

आता गंमत अशी, की लाकूड सगळीकडून सारखे फुगत नाही. लांबीत, म्हणजे झाड ज्या दिशेने वाढले त्या दिशेने, ते ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत हजारात एक-दोन भाग आकसते. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याहून पुष्कळ जास्त, आणि वार्षिक वर्तुळांना स्पर्श करणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. साग हा या बाबतीत फार शहाणा मानला जातो, तरी तोही गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आणि वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो. ७५ सेंटिमीटर रुंदीचे दार सागाच्या उभ्या फळ्या जोडून केले आणि त्या फळ्या वर्तुळांना स्पर्श करणाऱ्या दिशेने कापलेल्या असल्या, तर लाकडातली ओल १२ वरून १८ टक्क्यांवर जाताना दाराची रुंदी सुमारे पावणेनऊ मिलिमीटर वाढेल. त्याच सागाच्या फळ्या वर्तुळांना काटकोनात कापल्या तर वाढ पावणेचार मिलिमीटर. झाड तेच, दार तेच. करवत कशी चालवली एवढाच फरक. जुने सुतार ओंडका घेण्याआधी त्याचे टोक न्याहाळत बसायचे ते उगीच नव्हे.

बैलगाडीचे चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सारे पाठ आहे. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड वाळते, आरे तुंब्यात खुळखुळायला लागतात, लोखंडी धाव सैल होते. मग गाडीवान काय करतो? चाक काढून नदीत किंवा डबक्यात भिजत घालतो. लाकूड फुगते, चाक पुन्हा घट्ट. आमच्या दाराने जो त्रास दिला, त्याच गुणावर हा गडी आपले काम भागवतो.

तर आता तापवण्याचे तीन प्रकार.

पहिला, भट्टीत वाळवणे. वखारीच्या भाषेत सीझनिंग. साधारण ५० ते ८० अंश सेल्सिअसच्या उबेत, आर्द्रता ताब्यात ठेवून लाकूड काही दिवस वाळवतात. याने लाकडातले पाणी जाते. लाकडाचा स्वभाव जात नाही. पंचा उन्हात वाळवला म्हणून तो पुढच्या वेळी पाणी टिपायचा थांबत नाही, तसेच हे. तरीही हे काम अत्यंत जरुरीचे. लाकूड ज्या हवेत नांदणार आहे, तिथल्या सरासरी ओलाव्यापर्यंत ते आधीच आणून ठेवले तर पुढची उलाढाल अर्ध्यावर येते. आपल्याकडची बहुतेक दारे बिघडतात ती कच्च्या, अर्धवट वाळलेल्या लाकडामुळे. दोष सागाचा नसतो, घाईचा असतो.

दुसरा प्रकार माझ्या फळीवरच्या शिक्क्याचा. परदेशातून यंत्रे, फरशा, काचा येतात त्या लाकडी खोक्यांत आणि पॅलेटवर. त्या लाकडातून एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार लाकडाच्या पार गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे ५६ अंशांवर ठेवावे लागते. अळ्या, अंडी मरतात. मग गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि शेजारी एचटी ही दोन इंग्रजी अक्षरे उमटवतात. हीट ट्रीटेड, म्हणजे तापवलेले. एवढाच त्याचा अर्थ. त्या अर्ध्या तासात लाकूड वाळलेच पाहिजे अशीसुद्धा अट नाही. आतून ओले असतानाही शिक्का बसतो. माझे दार अशाच मोडलेल्या पॅलेटच्या पाइनचे होते. वखारवाले खोटे बोलत नव्हते. ते अर्धेच बोलत होते, आणि उरलेले अर्धे त्यांनाही ठाऊक नसावे.

तिसरा प्रकार खरा. यात लाकूड वाळवत नाहीत, चक्क भाजतात. १६० ते २३० अंशांच्या दरम्यान, बहुधा १८० ते २१५ मध्ये. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये केक भाजतो त्याच सुमाराचे हे तापमान. साध्या हवेत असे केले तर लाकूड जळू लागेल. म्हणून भट्टीतला प्राणवायू हटवून तिथे वाफ, नायट्रोजन किंवा निर्वात पोकळी ठेवतात. जर्मनीत काहींनी लाकूड चक्क गरम वनस्पती तेलात बुडवून तळण्याची पद्धत काढली.

भाजताना आत काय होते? तिघांपैकी हेमिसेल्युलोज सर्वांत नाजूक, ते आधी तुटते. तुटताना त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटते, आणि ते आम्ल उरलेल्या हेमिसेल्युलोजच्या मोडतोडीला आणखी हातभार लावते. पाणी धरणारे हायड्रॉक्सिलचे हात घटतात. लिग्निनचे रेणू एकमेकांत नव्याने गुंफले जातात, त्यामुळे भिंत ताठ होते आणि फुगायला जागा देत नाही. साखर जळल्यासारखा वास येतो, राळ निघून जाते, लाकडाचे वजन थोडे घटते आणि रंग चहासारखा, पुढे कॉफीसारखा होतो. हा रंग वरवरचा नसतो. फळी मधोमध कापली तरी आतून तीच छटा. कच्चा रवा आणि भाजलेला रवा यांत जो फरक, तोच इथे आहे. भाजलेला रवा पुन्हा कच्चा होत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळा आहे. तिथले आल्फ्रेड स्टॅम आणि त्यांचे सहकारी १९३०च्या दशकापासून लाकूड वेगवेगळ्या वायूंत तापवून पाहत होते. १९४६ मध्ये त्यांनी वितळलेल्या धातूच्या कुंडात लाकूड बुडवून तापवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि तयार झालेल्या मालाला 'स्टेबवुड' असे नाव दिले. फुगणे बरेच कमी झाले. पण लाकूड ठिसूळही झाले, आणि स्टेबवुड बाजारात काही चालले नाही. कल्पना चाळीसेक वर्षे कपाटात पडून राहिली.

ती बाहेर काढली ती युरोपने, आणि त्यामागे निव्वळ विज्ञानप्रेम नव्हते. उष्ण कटिबंधातले टिकाऊ लाकूड महाग होत होते, जंगलतोडीविरुद्ध लोकमत तापले होते, विषारी रसायने मुरवलेले लाकूड लोकांना नको होते. फिनलंडकडे पाइन आणि स्प्रूस अमाप, पण ते उघड्यावर लवकर कुजते. तिथल्या व्हीटीटी या सरकारी तंत्रसंशोधन केंद्राने १९९०च्या दशकात वाफेत भाजण्याची रीत बसवली, आणि २००० मध्ये उत्पादकांनी 'थर्मोवुड' या नावासाठी संघटना उभी केली. त्यांच्याकडे दोन प्रती आहेत. पाइन-स्प्रूससाठी एक १९० अंशांची, घरातल्या वापराची. दुसरी २१२ अंशांची, बाहेरच्या वापराची. आधी लाकूड जवळपास पूर्ण कोरडे करायचे, मग दोन-तीन तास वरच्या तापमानाला ठेवायचे, मग पाण्याचे फवारे मारून थंड करत ओल ४ ते ७ टक्क्यांवर आणायची. हा शेवटचा टप्पा चुकला तर फळ्या तडकतात. नेदरलँड्समध्ये 'प्लेटो', फ्रान्समध्ये नायट्रोजनवर चालणारी 'रेटिफिकेशन' अशा बहिणीही याच सुमारास जन्मल्या. फिनलंडच्या लोकांनी हे लाकूड कौतुकाने सॉनाच्या बाकांना लावले. राळ नसल्याने ते अंगाला चिकटत नाही, आणि उष्णता कमी वाहून नेत असल्याने बसल्यावर चटका कमी बसतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. याचे दार केले तर फुगणार नाही का?

फुगेल. पण कमी. चांगले भाजलेले लाकूड त्याच हवेत साध्या लाकडाच्या मानाने ४० ते ५० टक्के कमी पाणी धरते. साधे लाकूड १२ टक्क्यांवर थांबेल तिथे हे ६-७ वर थांबते, आणि फुगणेही साधारण त्याच प्रमाणात घटते. म्हणजे मघाचे पावणेनऊ मिलिमीटर साडेचार-पाचवर येतील. शून्यावर नाही. "अजिबात फुगणार नाही" असे जो सांगेल तो विक्रेता आहे एवढे ओळखावे.

आणि किंमत मोजावीच लागते, रुपयांतली नव्हे, ताकदीतली. जास्त तापमानाला भाजलेल्या लाकडाची वाकण्याविरुद्धची ताकद १० ते ३० टक्के कमी होऊ शकते, आणि आघात सोसण्याची शक्ती त्याहून अधिक. हेमिसेल्युलोज हा भिंतीतला सांधणारा पदार्थ. तो जाळून टाकल्यावर लाकूड लवचीक राहील अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून तुळया, वासे, खांब, जिन्याच्या पायऱ्या यांना ते वापरू नये. स्क्रू मारण्याआधी भोक पाडावे, नाहीतर कड फुटते. लाकडात थोडे आम्ल शिल्लक असते, तेव्हा स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तो सुंदर कॉफीचा रंगही उन्हात टिकत नाही. तेल किंवा लेप दिला नाही तर लाकूड करड्या रंगाचे होते. जमिनीत पुरायचे तर मुळीच नको.

कोकणासाठी आणखी एक गोष्ट, आणि ती कोणत्याही रंगीत माहितीपत्रकात ठळक छापलेली मला आढळली नाही. भाजलेले लाकूड बुरशीला चांगले तोंड देते, कारण बुरशीला लागणारे पाणी आणि तिचा आवडता हेमिसेल्युलोज दोन्ही तिथे कमी असतात. वाळवी मात्र आपले पाणी आपण घेऊन येते. तिला हे लाकूड चालते. माझे मूळचे दार वाळवीनेच गेले होते, म्हणजे खरे थर्मोवुड मिळाले असते तरी माझी निम्मी अडचण कायमच होती.

आपल्या देशात हे तंत्र वायाच आहे असे मात्र नाही. बंगळुरूच्या काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत रबराच्या आणि सिल्व्हर ओकच्या लाकडावर असे प्रयोग झाले आहेत. रबराचे झाड चीक देऊन देऊन पंचवीस-तीस वर्षांत थकते आणि तोडावे लागते. सिल्व्हर ओक कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात. ही लाकडे फिकट, कीड आणि बुरशी लवकर लागणारी, म्हणून स्वस्त. भाजल्यावर त्यांचा रंग गडद होतो, फुगणे कमी होते, ताकदही थोडी घटते, हे तिथेही दिसले. टेबलाचा पृष्ठभाग, भिंतीची किंवा छताची पट्टी, कपाटाची दारे अशा कामांना असे लाकूड शोभेल, आणि तेवढा साग वाचेल. सागाला स्वतःला भाजण्याची गरज फारशी नाही. त्याच्या भिंतींत निसर्गानेच तेलकट द्रव्ये भरून पाण्याची जागा अडवून ठेवली आहे.

विकत घेणाऱ्याने काय पाहावे? दुकानदाराला तापमान विचारावे. त्याला आकडा सांगता आला नाही, किंवा त्याने ५६ सांगितले, तर गोष्ट तिथेच संपली. फळीचे टोक कापून मागावे. रंग आरपार हवा. कापलेल्या टोकाचा वास घ्यावा, ताज्या मालाला धुरकट-गोडसर वास येतो. फळी फिकट पिवळी असेल तर ती काही भाजलेली नाही, शिक्का कोणताही असो.

आमच्या दाराचे काय झाले ते सांगतो. ते पाइनचे दार आता गोठ्याला आहे. नवे दार मेस्त्रींनी जुन्या, पाडलेल्या घराच्या सागाचे केले. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेली पॅनेले. आडव्या पट्ट्यांचे तंतू रुंदीच्या दिशेने जातात, आणि लांबीत लाकूड हलत नाही, त्यामुळे दाराची रुंदी मुख्यतः त्याच सांभाळतात. फुगतात त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, त्यांची रुंदी ती किती! पॅनेलना खाचेत सरकायला जागा ठेवलेली असते, आणि तिथे सरस लावायचा नसतो. मी उत्साहाने फेव्हिकॉलची बाटली पुढे केली तेव्हा मेस्त्रींनी ती हळूच बाजूला ठेवली.

दार बसवायच्या दिवशी त्यांनी आईला विचारले, "काकू, महिना कुठला चाललाय?" आई म्हणाली, वैशाख. मेस्त्रींनी खिशातून एक नाणे काढले, दाराची कड आणि चौकट यांच्या मधे उभे धरले, ते सहज सरकते आहेसे पाहिले आणि बिजागरीचे स्क्रू आवळले. श्रावणात मी मुद्दाम फोन करून विचारले. आई म्हणाली, "कडी लागते. नाणं जात नाही."